प्राणी छळाविरुद्धचा कायदा वकील नसताना कसा वाचायचा

मुक्या जनावराला छळणाऱ्याला कायद्याने काय शिक्षा होते, असं कुणी विचारलं की खरं उत्तर द्यायला जीभ रेटत नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच प्रकार केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा जास्तीत जास्त तीन महिने कैद, किंवा दोन्ही. १९६० साली या आकड्यांना काही वजन असेल, आज नाही.

बहुतेक जण इथेच कायदा मिटून ठेवतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. या कायद्याचा जोर शिक्षेत नाहीच. तो आहे जनावर त्या माणसाच्या ताब्यातून काढून घेण्याच्या अधिकारात, आणि कोणतं कलम लावलं म्हणजे पोलिसांना हालचाल करावी लागते या हिशेबात. हे दोन्ही समजायला वकिलीची सनद लागत नाही. कलमं नीट, शब्दाला शब्द लावून वाचायची तयारी हवी. ती कशी वाचायची ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी मूळ कागद मिळवा

मोबाइलवर फिरणारे ‘प्राण्यांचे कायदे जाणून घ्या’ छापाचे संदेश आधी बाजूला ठेवा. त्यातली निम्मी कलमं जुनी असतात. भारतीय दंड संहितेची ४२८ आणि ४२९ ही कलमं तर लोक अजून अर्जात लिहितात. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि त्या दोन कलमांच्या जागी एकच कलम ३२५ आलं. अर्जात जुनं कलम दिसलं की समोरच्या अंमलदाराला तुमची माहिती ऐकीव असल्याचं लगेच कळतं.

केंद्राचे सगळे अधिनियम ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. बऱ्याच केंद्रीय कायद्यांचे मराठी पाठ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने काढले आहेत. मराठी पाठ समजून घ्यायला उत्तम, पण अर्ज देण्याआधी इंग्रजी पाठाशी ताडून घ्या, कारण दुरुस्त्या तिथे आधी चढतात.

हाताशी ठेवायचे कागद फार नाहीत: १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, न्याय संहितेतली कलम २९१ आणि ३२५, आणि तुमच्या प्रकरणाला लागू पडणारे नियम. शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. अधिनियम ढोबळ बोलतो, बारकावे नियमांत असतात. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, वाहतुकीसाठी १९७८ चे, कत्तलखान्यांसाठी २००१ चे, कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ चे, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे आणि भटक्या कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीसाठी २०२३ चे.

कागदांची उतरंडही ध्यानात असू द्या. सर्वांत वर संविधान, त्याखाली संसदेचा किंवा विधिमंडळाचा अधिनियम, मग अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केलेले नियम आणि अधिसूचना, त्याखाली परिपत्रकं आणि मार्गदर्शक सूचना, आणि तळाला तुमच्या सोसायटीचा ठराव. खालचा कागद वरच्याला छेद देऊ शकत नाही. ‘आमच्या सोसायटीत कुत्रा पाळायला बंदी आहे’ असा ठराव कितीही सह्यांनी झाला तरी तो ठरावच राहतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी सरसकट बंदी बेकायदा ठरवली. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वजनदार आधार म्हणून दाखवता येतो. उलट बाजूनेही हेच लागू आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. ते पोलिसांना दाखवून ‘बघा, गुन्हा आहे’ म्हणता येत नाही. गुन्हा अधिनियमात असावा लागतो.

चार प्रश्न, याच क्रमाने

प्रकरण कोणतंही असो, कलम शोधण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा: प्राणी कोणता, तो कोणाच्या ताब्यात आहे, नेमकं काय केलं किंवा केलं नाही, आणि कधी.

प्राणी कोणता, यावर कोणता कायदा उघडायचा ते ठरतं. १९६० च्या अधिनियमात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. बैल, कोंबडी, मासा, गल्लीतलं मांजर, सगळे त्यात आले. पण प्राणी रानातला असेल तर वन्यजीव अधिनियमही लागतो, आणि तो बराच कडक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, त्यात सहाऐवजी चार अनुसूच्या आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर निदान २५,००० रुपये दंड. इथे ‘शिकार’ म्हणजे बंदूक घेऊन जाणंच नव्हे. पकडणं, सापळा लावणं, घरटं मोडणं, अंडी काढणं हेही शिकारीच्या व्याख्येत बसतं. पिंजऱ्यातला हिरवा पोपट अनेकांना घरचाच वाटतो, पण तो वन्यजीव आहे आणि अनुसूचीत आहे. तो पाळणं बेकायदा आहे. अशा प्रकरणात पोलीस ठाण्याइतकंच वन विभागाचं दार महत्त्वाचं. महाराष्ट्रात ‘हॅलो फॉरेस्ट’चा क्रमांक १९२६ आहे.

ताबा कोणाचा, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. १९६० च्या अधिनियमाचं कलम ३ प्रत्येक अशा माणसावर कर्तव्य टाकतं, ज्याच्याकडे जनावराची देखभाल किंवा ताबा आहे: त्याचं क्षेम राखण्यासाठी आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय करायचे. इथे मालकी नव्हे, ताबा बघतात. सुट्टीत शेजाऱ्याचा कुत्रा सांभाळायला घेतला तर तेवढे दिवस कर्तव्य तुमचं. मात्र कलम ११ मधल्या काही खंडांत ‘मालक असून’ असे शब्द आहेत, तिथे मालकच लागतो. कलम ११(२) आणखी पुढे जातं. मालकाने वाजवी देखरेख ठेवली नाही आणि त्यामुळे छळ झाला, तर तो गुन्हा मालकाने केल्याचं मानलं जातं. चाबूक गाडीवानाच्या हातात होता म्हणून गाडीमालक सुटत नाही.

उरलेल्या दोन प्रश्नांसाठी थेट कलम ११ उघडायचं.

कलम ११ वाचताना

कलम ११ च्या पहिल्या पोटकलमात (ए) पासून (ओ) पर्यंत पंधरा खंड आहेत. ‘कलम ११ खाली गुन्हा’ एवढंच लिहिलेला अर्ज अर्धवट असतो. खंड लिहायलाच हवा. एक उदाहरण घेऊन बघू.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक कुत्रा आहे. हातभर साखळीने ग्रिलला बांधलेला. दुपारी बाल्कनीत ऊन येतं. पाण्याचं भांडं कधी असतं, कधी नसतं. त्याला खाली फिरायला नेलेलं कुणी पाहिलेलं नाही. तो दिवसभर रडतो. तक्रार लिहिणारे बहुधा या रडण्यावरच भर देतात, आणि रडण्याचा खंड कायद्यात नाही. त्याऐवजी हे बघा. खंड (एफ): अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं. खंड (जी): कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणं. खंड (एच): मालकाने पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं. एकाच बाल्कनीत तीन खंड, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. (एफ) साठी साखळीची लांबी दिसेल असा फोटो आणि वेगवेगळ्या वेळांची नोंद. (जी) साठी शेजारी किंवा रखवालदार यांचं सांगणं. (एच) साठी रिकामं भांडं आणि ऊन दिसणारे, तारीखवार फोटो.

‘अवाजवी’, ‘वाजवी’, ‘पुरेसं’, ‘अनावश्यक’ या शब्दांकडे लक्ष द्या. कायद्याने साखळी किती फूट असावी हे इथे सांगितलेलं नाही. रात्री दोन तास बांधलेला कुत्रा आणि दिवसभर हातभर साखळीवरचा कुत्रा यांतला फरक न्यायाधीशाला पटवायचा असतो, आणि तो विशेषणांनी पटत नाही. ‘निर्दयीपणे’, ‘राक्षसी’ हे शब्द अर्जातून काढून टाका. त्या जागी ‘सकाळी ९ ते संध्याकाळी ७ या वेळेत पाच दिवस पाहिलं, एकदाही सोडलेला नव्हता’ असं लिहा.

बाकीच्या खंडांत मारहाण, अतिरिक्त ओझं, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणं, वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणं, हलता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं, उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं, झुंजी लावणं असे प्रकार आहेत. ते सावकाश वाचा, एका बैठकीत होतात.

नियमांत आकडे असतात

वाजवी-अवाजवीचा गोंधळ बऱ्याचदा नियमच सोडवतात. ऊस कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात टायरगाडी ओढणारी बैलजोडी बघा. गाडी माथ्यापर्यंत भरलेली, एका बैलाला खांदेसूज, चढावर गाडीवान पराणी टोचतोय. नुसता अधिनियम वाचला तर ‘अतिरिक्त ओझं’ म्हणजे किती, हा वाद सुरू होतो. १९६५ च्या ओझेवाहू आणि ओढकामाच्या जनावरांच्या नियमांत बैलाचा आकार आणि चाकाचा प्रकार यांनुसार किलोत मर्यादा दिल्या आहेत. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर जातो त्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हा इथला सर्वांत सरळ पुरावा. खांदेसुजेसाठी खंड (बी) वेगळा: जखम, आजार किंवा वय यांमुळे अयोग्य झालेल्या जनावराकडून काम घेणं. मात्र बैलाचा मालक बहुधा कर्जात अडकलेला मजूर असतो, हे विसरून तक्रारीचा बडगा उगारू नये असं मला वाटतं. पशुवैद्यक बोलावून बैलाला विश्रांती मिळवून देणं बहुधा जास्त उपयोगाचं. तक्रार करायचीच झाली तर ओझं ठरवणाऱ्या मुकादमाचं आणि कारखान्याचं नावही त्यात असावं.

वाहतुकीचंही तसंच. १९७८ च्या नियमांप्रमाणे मालवाहू गाडीत सहाहून जास्त गुरं भरता येत नाहीत आणि प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. पिल्लू विकत घेणार असाल तर दुकानदाराला वय विचारा. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे.

अपवाद वाचल्याशिवाय अर्ज करू नका

कलम ११(३) आणि कलम २८ इथे नजर टाकायलाच हवी. ठरवून दिलेल्या पद्धतीने शिंगं काढणं, खच्चीकरण, वेसण घालणं हे गुन्ह्यातून वगळलं आहे. अन्नासाठी जनावर मारणंही वगळलं आहे, पण अनावश्यक वेदना दिल्या नसतील तरच. धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारणं या अधिनियमाखाली गुन्हा नाही, असं कलम २८ म्हणतं. तुम्हाला हे पटो न पटो, कायदा आज असा आहे. ज्याला अपवाद माहीत नाहीत त्याची तक्रार पहिल्याच उत्तरात गार होते.

अपवादांबरोबर राज्याची दुरुस्तीही बघा. प्राणी क्रूरता प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. बैलगाडा शर्यतीइतका याचा चांगला नमुना नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराजा प्रकरणात जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. न्यायालयांत ती बराच काळ अडकली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आज एखाद्याने फक्त २०१४ चा निकाल वाचून शर्यतीविरुद्ध तक्रार केली तर ती टिकणार नाही. पण शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि अटी आहेत. परवानगी होती का, अटी पाळल्या का, हे विचारणारी तक्रार मात्र टिकते.

नागराजा निकाल म्हणून निरुपयोगी झाला असं नाही. कलम ३ आणि ११ कसं वाचायचं आणि प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा (भूक-तहान, वेदना, भीती अशांपासून मुक्तता) त्यांच्याशी काय संबंध, याची त्यातली चर्चा वाचण्याजोगी आहे.

दखलपात्र की अदखलपात्र: सगळी मेख इथे आहे

पोलीस ठाण्यात ‘हे एनसी आहे, आम्ही काही करू शकत नाही’ असं ऐकायला मिळतं. एनसी म्हणजे अदखलपात्र. ते अर्धं खरं आहे. अदखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, आणि कलम ११ मधले बहुतेक खंड अदखलपात्रच आहेत. पण सगळे नव्हेत. कलम ३१ नुसार खंड (एल), (एन) आणि (ओ) दखलपात्र आहेत. (एल) म्हणजे प्राण्याचा अवयव तोडणं किंवा त्याला अनावश्यक क्रूर रीतीने मारून टाकणं. भटक्या कुत्र्यांचा उल्लेख तिथे नाव घेऊन आहे. (एन) म्हणजे झुंजींसाठी जागा चालवणं, (ओ) म्हणजे कोंडलेले प्राणी सोडून त्यांच्यावर नेमबाजीच्या स्पर्धा घेणं. दूध वाढवण्यासाठी केला जाणारा फुंका हा कलम १२ चा प्रकारही दखलपात्र असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

न्याय संहितेचं कलम ३२५ सुद्धा दखलपात्र आहे. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं या आगळिकीला पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जुन्या कलमांत जनावराची किंमत १० रुपये की ५० रुपये यावर शिक्षा ठरायची. ती अट गेली.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७४ मध्ये एक तरतूद आहे: एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तर सगळं प्रकरण दखलपात्र समजलं जातं. कुत्र्याला काठीने मारताना त्याचा पाय कायमचा मोडला असेल तर नुसता खंड (ए) लिहू नका. पाय निकामी झाल्याचा पशुवैद्यकाचा दाखला जोडून कलम ३२५ लिहा. याचा अर्थ नसलेला गुन्हा चिकटवा असा नाही. दाखल्यात जे आहे तेवढंच लिहा.

आणि गुन्हा अदखलपात्रच असला तर? तेव्हा १९६० च्या अधिनियमाचं कलम ३४ कामाला येतं. शिपायाहून वरच्या दर्जाच्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला, किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीला, या अधिनियमाखाली गुन्हा घडतोय असं मानायला कारण असेल तर तो जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांसमोर किंवा ठरवून दिलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमोर तपासणीसाठी हजर करू शकतो. कलमात दखलपात्र-अदखलपात्र असा भेद केलेला नाही. बाल्कनीतल्या कुत्र्याच्या अर्जात मुख्य मागणी हीच असायला हवी. पुढे कलम ३५ खाली त्याला उपचारगृहात किंवा पांजरपोळात ठेवता येतं आणि खर्च मालकाकडून घेता येतो. गुन्हा शाबीत झाला आणि जनावर पुन्हा त्याच हाती गेलं तर छळ होईल असं दिसलं, तर कलम २९ नुसार न्यायालय मालकीच काढून घेऊ शकतं. पन्नास रुपयांहून ही गोष्ट किती मोठी आहे हे ज्याचं जनावर जातं त्याला विचारा.

तीन महिन्यांचं घड्याळ

कलम ३६: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर या अधिनियमाखाली खटला दाखल करता येत नाही. अर्ज दिला, पोहोच मिळाली, ‘चौकशी सुरू आहे’ असं ऐकत राहिलो, आणि मुदत टळली असं सर्रास होतं. पहिल्या घटनेच्या तारखेपासून नव्वदावा दिवस काढून कॅलेंडरवर खूण करा. छळ रोज चालू असेल तर गुन्हाही रोज घडतो असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. कलम ३२५ ला ही तीन महिन्यांची मर्यादा नाही.

पुरावा आणि अर्ज

व्हिडिओ काढलात तर मूळ फोनमधून तो पुसू नका. संदेशावरून पाठवलेल्या प्रतीतून तारीख-वेळेचा तपशील बहुधा गळून जातो. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ साधन हाताशी असलं की सोपं जातं. दुसऱ्याच्या घरात शिरून चित्रण करू नका, जनावर परस्पर सोडवून आणू नका. तुमच्यावरच गुन्हा नोंदला गेला की मूळ तक्रार बाजूला राहते.

विषबाधेचा संशय असेल तर मेलेलं जनावर पुरू नका. घाईने पुरणं समजण्यासारखं आहे, पण शवविच्छेदनाशिवाय विष सिद्ध होत नाही. पोलिसांकडून पंचनामा करून घ्या आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करण्याची लेखी मागणी करा. जनावर जिवंत असेल तर अर्थात आधी उपचार. बऱ्याच राज्यांत गुरांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे.

अर्ज एका पानात बसवा. साधारण असा:

*प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस ठाणे.*
*विषय: प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११(१)(एफ), (जी), (एच) खालील गुन्ह्याची खबर आणि कलम ३४ खाली प्राणी ताब्यात घेण्याची विनंती.*
*मी खाली सही करणार, राहणार अमुक. अमुक इमारतीतील अमुक क्रमांकाच्या सदनिकेच्या बाल्कनीत एक तपकिरी कुत्रा अमुक तारखेपासून आखूड साखळीने बांधलेला मी पाहत आहे. अमुक, अमुक आणि अमुक तारखांना सकाळी व संध्याकाळी काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. दोन तारखांना पाण्याचे भांडे रिकामे दिसते. कुत्र्याची पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व्हावी आणि कलम ३४ प्रमाणे कारवाई करावी. कलम ३६ ची मुदत अमुक तारखेला संपत असल्याने त्याआधी केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी.*

शेवटचं वाक्य गाळू नका. मुदतीची तारीख लेखी दिलेला अर्ज टेबलावर पडून राहण्याची शक्यता कमी होते. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन परत आणा. एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्या. अशा सोसायट्यांसाठीच्या २००१ च्या वेगळ्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी; तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पशुसंवर्धन विभागात कळतो.

दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात नोंद झाली नाही, तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, लेखी कळवायचं. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकारी. अदखलपात्र प्रकरणात थेट दंडाधिकाऱ्यांकडे कलम २२३ खाली खाजगी फिर्याद देता येते.

भटकी कुत्री: रोजचं भांडण

इथे अर्धवट माहितीवर सर्वांत जास्त आवाज चढतात, दोन्ही बाजूंचे. कुत्र्यांना उचलून दूर नेऊन सोडा, असं म्हणणाऱ्यांना माहीत नसतं की २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून पकडला तिथेच सोडायचा असतो, आणि हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं आहे. कुठेही, कधीही खायला घालणाऱ्यांना माहीत नसतं की त्याच नियमांचा नियम २० खायला घालण्याची जागा ठरवायला सांगतो, आणि ती जागा जिने, इमारतीची दारं, मुलांची खेळायची जागा यांपासून दूर असायला हवी. रहिवासी संघटनेने यात व्यवस्था करायची असते. तिला नुसतं ‘नाही’ म्हणता येत नाही.

या नियमांच्या वर आता सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले आहेत आणि ते वेगाने बदलले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. ११ दिवसांत, २२ ऑगस्टला, तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं: नसबंदी-लसीकरणानंतर कुत्रे त्याच भागात सोडायचे, फक्त रेबीजग्रस्त, तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे सोडायचे नाहीत, खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच, रस्त्यावर नाही. याच आदेशाने प्रकरण देशभरासाठी लागू झालं. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं-आगारं आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश झाला. म्हणजे ‘पकडलं तिथेच सोडा’ हा नियम गल्लीत लागू, शाळेच्या आवारात नाही. अशा चालू प्रकरणात बातमीच्या मथळ्यावर जाऊ नका. न्यायालयाच्या संकेतस्थळावरचा ताजा आदेश उघडा आणि त्यातला शेवटचा, आदेशाचा भाग आधी वाचा.

कुत्र्याला मारणं मात्र या कोणत्याही आदेशाने मोकळं केलेलं नाही. दुसरीकडे, पाळलेल्या प्राण्यापासून धोका होऊ नये याची काळजी मालकाने घेतली नाही तर न्याय संहितेचं कलम २९१ त्याला लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणिप्रेमींनी हेही कलम पाठ करावं.

नगरपालिकेने काय केलं हे विचारायला माहितीचा अधिकार वापरा. ‘कुत्र्यांचा प्रश्न का सुटत नाही’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही. गेल्या आर्थिक वर्षात प्रभागात किती नसबंद्या झाल्या, कोणत्या संस्थेला काम दिलं, किती पैसे दिले, असं विचारा. अर्जाला १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस.

वकील कधी गाठायचा

अर्ज, पाठपुरावा, माहितीचा अधिकार इथपर्यंत स्वतः जमतं. खाजगी फिर्याद, जप्त जनावराचा ताबा मिळवण्याचा वाद, मालकाने जनावर परत मागण्यासाठी केलेला अर्ज आणि उच्च न्यायालयातली याचिका इथे वकील लागतो. पैशांची अडचण असेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया, तसंच अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तक्रार अनेकांनी मिळून करायची असेल तर फिर्यादीवर पात्र असलेल्या एखाद्या शेजारणीची सही असली की हा मार्ग मोकळा होतो. वकिलाकडे जाताना चार प्रश्नांच्या उत्तरांचा कागद, शिक्क्याची प्रत, फोटो असलेला मूळ फोन आणि नव्वदाव्या दिवसाची तारीख घेऊन जा.